अपडेटनंतर नकाशा फक्त तुम्हालाच दिसतोय? घोडं कुठे पेंड खातंय ते असं शोधा

“ताई, नकाशा गेला.”

नकाशाच्या सेवेचं अपडेट झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी येणाऱ्या फोनचं पहिलं वाक्य हेच असतं. नकाशा कुठेही गेलेला नसतो. मी माझ्या लॅपटॉपवर उघडते, तर सगळे ठिपके जागच्या जागी. “मला तर दिसतोय,” हे अगदी ओठांवर येतं, ते मी गिळते. गेली नऊ वर्षं मी ऑनलाइन नकाशे बनवते आणि सांभाळते: झाडांची मोजणी, पथदिवे, पाणवठे, सर्वेक्षणाचे फॉर्म. मालकाला नकाशा दिसतो याला काडीचाही अर्थ नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. मालकाला तो दिसणारच.

दुसरी गोष्ट कळायला बराच वेळ लागला. अपडेटने आपल्या परवानग्या बदलल्या, असं सहसा झालेलं नसतं. शेअरिंग आपणच कुठेतरी अर्धवट सोडलेलं असतं. जुनी आवृत्ती तिकडे काणाडोळा करायची, नवी करत नाही. म्हणून अपडेटच्या नावाने खापर फोडून सगळं ‘सर्वांसाठी खुलं’ करून टाकू नका. मी तो उद्योग एकदा केला आहे, त्याची कथा पुढे येईल.

आधी नीट विचारा

“दिसत नाही” या दोन शब्दांत चार वेगळे आजार लपलेले असतात. फोन करणाऱ्याकडून स्क्रीनशॉट मागवा, तोही ब्राउझरच्या वरच्या पट्टीसकट, म्हणजे त्याने कुठली लिंक उघडली आहे तेही कळतं. मग ओळखा.

नकाशा उघडायच्या आधीच लॉगिनची खिडकी येते का? मग साखळीतली एखादी गोष्ट खासगी राहिली आहे. मागचा बेसमॅप, म्हणजे रस्ते आणि नद्या, दिसतो पण आपले ठिपके नाहीत? मग नकाशा खुला आहे आणि लेयर, म्हणजे बेसमॅपवर चढवलेला आपल्या माहितीचा थर, बंद. “तुम्हाला परवानगी नाही” असं स्वच्छ वाक्य येतं? तर माणूस लॉगिन झालेला आहे, पण चुकीच्या अकाउंटने किंवा चुकीच्या ग्रुपमध्ये. आणि सगळं दिसतंय पण बदल करायचं बटण गायब आहे? तो प्रश्न बघण्याच्या परवानगीचा नाहीच, संपादनाच्या परवानगीचा आहे. या चारांची सरमिसळ केली की आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत होते.

‘चुकीचं अकाउंट’ हे कारण मी सगळ्यात आधी तपासते, कारण ते इतकं साधं आहे की कुणाला सुचत नाही. एकाच ब्राउझरमध्ये घरचं आणि कामाचं अशी दोन अकाउंटं उघडी असतात. अपडेटनंतर सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागतं, आणि या वेळी भलतंच अकाउंट पुढे येतं. काखेत कळसा! उजव्या कोपऱ्यातलं चित्र कुणाचं आहे ते विचारा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

पाहुणा बनून बघा

आता स्वतः बघा, पण मालक म्हणून नाही. इनकॉग्निटो किंवा प्रायव्हेट खिडकी उघडा आणि लोकांना दिलेली तीच लिंक तिथे चिकटवा. तुमच्या संपादनाच्या पानाची लिंक नको, जी बाहेर गेली आहे तीच. नकाशा सगळ्यांसाठी असेल तर एवढी चाचणी पुरते.

नकाशा ठरावीक लोकांसाठी असेल तर मात्र प्रायव्हेट खिडकी काहीच सांगणार नाही, ती फक्त लॉगिन मागेल. त्यासाठी मी एक चाचणीचं अकाउंट ठेवलं आहे. नाव ‘पाहुणा’. त्याला सगळ्यात कमी अधिकार आहेत आणि तो फक्त एका ग्रुपमध्ये आहे. काही सेवांमध्ये असं अकाउंट एक लायसन्स खातं, आणि त्यावरून मला टोमणेही ऐकावे लागले आहेत. तरी मी ते सोडत नाही. अकाउंट परवडत नसेल तर ज्याला नकाशा दिसत नाही त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि त्याच्याच स्क्रीनवर बघा.

आणि हो, काहीही बदलण्याआधी शेअरिंगच्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. घाईघाईत चार बटणं दाबली की पाचव्या मिनिटाला मूळ स्थिती काय होती हेच आठवत नाही.

सातवा लेयर

झाडांच्या मोजणीचा एक नकाशा होता. लोकांसाठी खुला, दोन वर्षं निर्धोक चाललेला. अपडेटनंतर बाहेरच्या प्रत्येकाला लॉगिनची खिडकी. मी ॲपचं शेअरिंग पाहिलं: सर्वांसाठी. नकाशाचं पाहिलं: सर्वांसाठी. लेयर सात होते. एक, दोन, तीन... सहा लेयर व्यवस्थित. सातवा मी तपासला नाही, कारण तो माझ्या आठवणीतच नव्हता. एका सहकाऱ्याने कधीतरी जुन्या नोंदी बघायला तो जोडला होता आणि मग नकाशात दिसू नये म्हणून त्याची खूण काढून टाकली होती. लेयर बंद होता, पण नकाशात होता, आणि फक्त संस्थेपुरता शेअर केलेला. जुनी आवृत्ती बंद लेयरला हात लावत नसे. नवी आवृत्ती नकाशा उघडतानाच सगळ्या लेयरांची हजेरी घ्यायला लागली. सातव्यापाशी अडली की सगळ्यांनाच लॉगिन मागायची. तो लेयर नकाशातून काढला आणि काम झालं. शोधायला मात्र दीड दिवस गेला.

तेव्हापासून मी नकाशाला एक गोष्ट मानतच नाही. लोकांना दिसतं ते ॲप असतं. ॲपच्या आत नकाशा, नकाशाच्या आत लेयर, लेयर कधी कधी दुसऱ्या लेयरचा व्ह्यू, म्हणजे त्याच डेटाकडे उघडणारी वेगळी खिडकी, आणि त्याला जोडलेले तक्ते. आर्कजीआयएस ऑनलाइन या नकाशांच्या सेवेत या प्रत्येकाचं स्वतंत्र पान असतं आणि प्रत्येकाचं शेअरिंग वेगळं: फक्त ओनर, ऑर्गनायझेशन किंवा एव्हरीवन, आणि त्याशिवाय ग्रुप. ॲप एव्हरीवन केलं म्हणून आतले लेयर आपोआप खुले होत नाहीत. शेअर करताना ती सेवा विचारते खरी, की आतल्या गोष्टींचंही शेअरिंग बदलायचं का, पण त्या क्षणी आपण घाईत असतो आणि खिडकी बंद करून टाकतो.

म्हणून कागद घ्या, वर ॲप लिहा, खाली नकाशा, त्याखाली प्रत्येक लेयर, बंद असलेलेसुद्धा. प्रत्येकापुढे मालक कोण आणि कुणाला दिसतो ते लिहा. कागदावर लिहिलं की भोक लगेच दिसतं. एखादा लेयर दुसऱ्या संस्थेचा निघाला तर तो तुमच्या हातात नाही. त्यांनी बंद केला असेल तर त्यांनाच विचारावं लागेल, नाहीतर नकाशातून काढावा लागेल.

गूगलच्या माय मॅप्ससारख्या सेवेत हा पसारा नाही. तिथे लेयरनिहाय परवानगीच नसते, सगळा नकाशा एकच वस्तू आहे. तो गूगल ड्राइव्हमध्ये राहतो आणि त्याचं शेअरिंग फाइलसारखंच चालतं. तिथे बहुतेक वेळा भानगड लिंकची असते. सप्टेंबर २०२१ मध्ये ड्राइव्हने सुरक्षेसाठी एक बदल केला आणि काही फाइलींच्या लिंकमध्ये ‘रिसोर्स की’ नावाचा तुकडा आला. आधी ती फाइल उघडलेल्यांना काही फरक पडला नाही, पण जुनी लिंक घेऊन पहिल्यांदाच येणाऱ्याला परवानगी मागावी लागू शकत होती. “जुन्यांना उघडतं, नव्यांना नाही” अशी तक्रार आली की मला हाच नमुना आठवतो. अशा वेळी शेअरिंगच्या खिडकीतून लिंक नव्याने कॉपी करा आणि जिथे जिथे जुनी दिली होती तिथे बदला.

यूमॅप ही नकाशे बनवायची सेवा वापरत असाल तर बघण्याची आणि संपादनाची परवानगी तिथे वेगवेगळी ठरवता येते, तेवढी दोन्ही तपासा. लॉगिन न करता बनवलेल्या नकाशाची संपादनाची गुप्त लिंक हरवली असेल तर मात्र शेअरिंगच्या पानावर कितीही खटपट करून उपयोग नाही. आणि डेटा बाहेरच्या फाइलमधून येत असेल, तर ती फाइल जिथे ठेवली आहे तिथलीही परवानगी बघा. नकाशा निर्दोष असतो, फाइलचं दार बंद असतं.

लाल ओळी वाचायला शिका

कागदावरही उलगडलं नाही, तर ब्राउझरला विचारायचं. भीती वाटण्यासारखं यात काही नाही. प्रायव्हेट खिडकीत एफ१२ दाबा, नेटवर्क नावाचा टॅब उघडा आणि पान पुन्हा लोड करा. ओळींचा पाऊस पडेल, त्यातल्या लाल ओळी बघा. ४०१ म्हणजे “तू कोण ते सांग”. ४०३ म्हणजे “तू कोण ते असो, तुला आत प्रवेश नाही”. ४०४ म्हणजे वस्तूच नाही. काही प्रणाली मात्र खासगी वस्तूबद्दलही “नाही” असंच सांगतात, म्हणजे ती आहे हेसुद्धा बाहेरच्याला कळू नये. म्हणून ४०४ दिसलं की लेयर कुणी पुसला म्हणून आरडाओरडा करण्याआधी मालकाच्या अकाउंटने बघून घ्या.

आर्कजीआयएसमध्ये आणखी दोन आकडे भेटतात. ४९९ म्हणजे टोकन, म्हणजे लॉगिन झाल्याची तात्पुरती चिठ्ठी, हवं होतं, आलं नाही. ४९८ म्हणजे टोकन आलं, पण ते अवैध आहे किंवा त्याची मुदत संपली. आणि इथे एक फसवणूक आहे, तिने मला पहिल्यांदा चांगलंच नाचवलं: हे आकडे बरेचदा लाल ओळीत येतच नाहीत. ओळ लाल नसते, तिच्यावर २०० लिहिलेलं असतं, म्हणजे सगळं आलबेल. त्या ओळीवर क्लिक करून रिस्पॉन्स उघडलं की आत बारीक अक्षरांत “टोकन रिक्वायर्ड” आणि ४९९. पाकीट पोचलं, आत पत्राऐवजी नकार. म्हणून लेयरच्या नावाच्या ओळी लाल नसल्या तरी उघडून वाचा.

४९९ दिसलं तर तो लेयर खासगी आहे, त्याचं शेअरिंग बदला. ४९८ दिसलं तर आधी बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा. लेयर जोडताना त्याच्यासोबत कुणाचं तरी यूजरनेम आणि पासवर्ड साठवून ठेवला असेल आणि त्या माणसाने मध्यंतरी पासवर्ड बदलला असेल, तर तेही तपासा. अपडेट आणि पासवर्ड बदलाची सक्ती एकाच आठवड्यात आली की दोष बिचाऱ्या अपडेटवर जातो.

ग्रुपची भानगड

संस्थेचं लॉगिन नव्या पद्धतीवर गेलं असेल तर एक गमतीशीर प्रकार होतो. माणूस तोच, ईमेल तोच, पण पहिल्यांदा नव्या दारातून आत आल्यावर प्रणाली त्याचं नवं अकाउंट तयार करते. जुनं अकाउंट सगळ्या ग्रुपांमध्ये बसलेलं असतं, नवं कुठेच नाही. यादीत त्याचं नाव दिसतं म्हणून ॲडमिन सांगतो की “तो ग्रुपमध्ये आहे”, आणि तो शपथेवर सांगतो की काही दिसत नाही. दोघंही खरं बोलत असतात. सदस्यांच्या यादीत नुसतं नाव बघू नका, यूजरनेम जुळवा. आर्कजीआयएस ऑनलाइनमध्ये यूजरनेम नंतर बदलता येत नाही, तेव्हा नव्या अकाउंटला ग्रुपमध्ये घ्यायचं आणि जुन्याच्या वस्तू नव्याच्या नावावर करायच्या, हाच मार्ग. जुनं अकाउंट घाईने पुसायला जाऊ नका. आधी वस्तू हलवा.

ग्रुपमधले लोक नकाशा बघू शकतात पण दुरुस्त करू शकत नाहीत, अशी तक्रार असेल तर ग्रुपचा प्रकार बघा. सदस्यांना एकमेकांच्या वस्तू बदलता येतील अशी सोय त्या ग्रुपला असावी लागते. ती ग्रुप तयार करतानाच निवडायची असते, नंतर जोडता येत नाही. नवा ग्रुप करावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

आता माझी कथा

अशाच एका सकाळी सात फोन आले होते. मी वैतागून झाडांचा मूळ लेयर, ज्यात गणना करणारे लोक नोंदी करत, तोच सर्वांसाठी खुला केला. फोन थांबले, मी खूश. त्या लेयरवर संपादन चालू होतं हे माझ्या लक्षातच आलं नाही. तीन दिवसांनी गणना करणाऱ्या एका मुलीने विचारलं, “ताई, वडाचं झाड नदीच्या मधोमध कसं?” बघते तर सतराएक ठिपके इकडचे तिकडे, दोन झाडांच्या नावाच्या जागी ‘टेस्ट’ आणि एकाची उंची नऊ हजार मीटर. कुणी वाईट हेतूने केलं असंही नसावं. बटण दिसलं, दाबून बघितलं. नशिबाने आठवड्यापूर्वीची प्रत होती. तिच्यावरून ठिपके परत आणले, पण त्या तीन दिवसांतल्या खऱ्या नोंदी एकेक करून वेचून काढाव्या लागल्या.

तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते. मूळ लेयर कधीच बाहेर काढत नाही. त्याचा एक व्ह्यू बनवायचा, व्ह्यूवर संपादन बंद ठेवायचं, लोकांना लागतील तेवढेच रकाने उघडे ठेवायचे, नोंद करणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर लपवायचे, आणि हा व्ह्यू सर्वांसाठी शेअर करायचा. नकाशात मूळ लेयरच्या जागी व्ह्यू बसवायचा. डेटा तोच राहतो, मूळ लेयरमध्ये नोंद झाली की व्ह्यूमध्ये दिसते, पण दार वेगळं. अर्धा तास लागतो, आणि पुढच्या अपडेटला तुम्ही निवांत असता.

आर्कजीआयएस ऑनलाइनमध्ये संपादन चालू असलेला लेयर सर्वांना शेअर करायला गेलात की तो अडवतो आणि सांगतो की लोकांकडून माहिती गोळा करण्यासाठी हा लेयर मंजूर आहे असं आधी सेटिंगमध्ये नमूद करा. नुसता अडथळा घालवायला ती खूण करू नका. तो अडथळा माझ्यासारख्यांसाठीच आहे. खरोखरच कुणीही फॉर्म भरावा असं असेल तर खूण करा, पण मग फक्त नवी नोंद करू द्या, जुनी बदलू देऊ नका. भरणाऱ्याला इतरांच्या नोंदी दिसू नयेत असंही ठेवता येतं.

परवानगीसारखं दिसणारं, पण परवानगी नसलेलं

नकाशा दुसऱ्या वेबसाइटच्या पानात बसवला असेल आणि तिथे लॉगिन मागून मागून पुन्हा तिथेच येत असेल, तर शेअरिंगची पानं चाळून काही हाती लागणार नाही. ब्राउझर बदलले आहेत. क्रोमने फेब्रुवारी २०२० पासून तिऱ्हाईत साइटच्या कुकींवर, म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदींवर, निर्बंध घालायला सुरुवात केली आणि सफारीने त्याच वर्षी मार्चमध्ये त्या सरसकट अडवल्या. लॉगिन झाल्याची खूण कुकीत असते, ती आतल्या चौकटीपर्यंत पोचतच नाही. लॉगिन लागणारा नकाशा पानात बसवू नका, वेगळ्या टॅबमध्ये उघडणारी लिंक द्या.

जुन्या नकाशात एखाद्या लेयरचा पत्ता सुरक्षित एचटीटीपीएसऐवजी जुन्या एचटीटीपीने सुरू होत असेल तर ब्राउझर तो गुपचूप अडवतो. आर्कजीआयएस ऑनलाइन ८ डिसेंबर २०२० पासून फक्त एचटीटीपीएसवर चालतं. नकाशाच्या सेटिंगमध्ये लेयरांचे पत्ते एचटीटीपीएस करण्याचं बटण आहे, ते दाबून बघा.

आणि स्वतःच्या वेबसाइटवर एपीआय की, म्हणजे नकाशाच्या सेवेने दिलेली किल्ली, वापरून नकाशा दाखवत असाल, तर त्या कीवर कुठल्या वेबसाइटला परवानगी आहे ती यादी बघा. साइटचा पत्ता थोडा जरी बदलला, समोरचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू गेलं किंवा आलं, तरी की नकार देऊ शकते.

ॲडमिनला काय लिहायचं

शेअरिंगच्या खिडकीत ‘सर्वांसाठी’ हा पर्यायच दिसत नसेल, तर तुमची भूमिका बदलली आहे किंवा सदस्यांनी बाहेर शेअर करणं संस्थेने बंद केलं आहे. ते तुमच्या हातचं नाही. पण “नकाशा चालत नाही, कृपया बघावे” असं लिहिलंत तर उत्तर येईल, “आमच्याकडे चालतो.” मी असं लिहिते:

“झाडगणनेच्या ॲपची लिंक खाली आहे. लॉगिन न करता उघडल्यावर लॉगिन मागितलं जातं. ॲप आणि नकाशा सर्वांसाठी शेअर आहेत. ‘झाडे - लोकांसाठी’ हा व्ह्यू ऑर्गनायझेशनपुरता आहे आणि तो एव्हरीवन करण्याचा पर्याय मला दिसत नाही. काल दुपारपर्यंत दिसत होता. माझी भूमिका बदलली आहे का, की बाहेर शेअर करण्याची सोय बंद केली आहे, एवढं सांगाल का? स्क्रीनशॉट जोडला आहे.”

याला सहसा तासाभरात उत्तर येतं, कारण ॲडमिनला शोधायचं काही उरलेलं नसतं.

दुरुस्ती झाली असं वाटलं की पाच-दहा मिनिटं थांबा, नवी प्रायव्हेट खिडकी उघडा आणि पुन्हा बघा. मग ज्या माणसाचा पहिला फोन आला होता त्यालाच फोन करा. त्याला ऑफिसचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर लिंक उघडायला सांगा, कारण स्वतःच्या सर्व्हरवरचा लेयर आतल्या नेटवर्कवर दिसतो आणि बाहेर दिसत नाही, हेही मी पाहिलं आहे. “दिसतंय का?” असं विचारू नका. बेसमॅप दिसला तरी लोक “हो” म्हणतात. कुठल्याही एका ठिपक्यावर बोट ठेवायला सांगा आणि विचारा, “कुठल्या झाडाचं नाव आलं?”